एका भोपळ्याची शिक्षा

४ ऑक्टोबर

ही डायरी ताईने दिली. तिच्या दातांच्या दवाखान्यात औषध कंपनीचा माणूस वाटून गेलेला, गेल्या वर्षीची. वार सगळे चुकीचे आहेत, म्हणून मी वार लिहिणार नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांबद्दल एक सूचना आहे. आजची : जीभही घासा.

तर आज घरी आलो. दोन वर्षं आणि एका महिन्याने. दाराला कुलूप. मग मागच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर गेलो, सॅक आत भिरकावली आणि तिच्यावरच डोकं ठेवून ताणून दिली. जाग आली तेव्हा समोर आईचा चेहरा. "अगं बाई, हा तर आपलाच!" असं म्हणून ती रडणार होती. रडायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिला सॅकखाली काय आहे ते दिसलं.

खालून बाबांचा आवाज आला. "काय झालं गं?"

"मुलगा आलाय!"

"आणि?"

"भोपळा गेलाय!"

खाली एक खुर्ची करकरली. मग, "धरलेला?"

"धरलेलाच. वेलीसकट."

बाबांच्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केलाय. म्हणून ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि चौदा पायऱ्या वर असलेली बाग तिथून चालवतात. मी खाली उतरलो. नमस्कार वगैरे करणार होतो, पण त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"दोन-तीन."

"वेल मोडलीस. वेल लाव. एक फळ धरलं, मुठीएवढं झालं, की जा. कोणी अडवणार नाही."

कोणाची मूठ ते विचारायचं राहिलं. आईला विचारलं, किती वेळ लागतो गं भोपळ्याला? ती म्हणाली, "होतो रे लवकर." म्हणजे आठवडाभर धरू.

५ ऑक्टोबर

आठवडाभर नाही. दोन महिने! ताईने सांगितलं, आणि सांगताना इतकी हसली की तिच्या चहाचा ठसका मला लागला. तिला माझं भारी कौतुक आहे. "काय पाहुणे, अजून इथेच?" असं दर तासाला विचारते.

आज बी लावलं. साधं काम वाटतं. पण बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्या धंद्यात एक माणूस लिफ्टच्या डब्याच्या टपावर असतो, एक खाली खड्ड्यात, आणि मधे चार-सहा मजले. एकाने ओरडून सांगायचं, दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे, वरून 'हो' आलं की मगच हात लावायचा. न म्हणता हात लावला की कोणाची तरी बोटं जातात. भोपळ्याच्या बीमुळे कोणाची बोटं जातील असं मला वाटत नाही, पण विचारणार कोण.

"बी उभं धर!" खालून.

"बी उभं धरलं!"

"धरलं नाही! आधी नुसतं म्हण!"

"बी उभं धर!"

"हो!"

"धरलं!"

"टोक खाली!"

"टोक खाली!"

"हो!"

पलीकडच्या गच्चीवर वांगी लावणारे एक काका आहेत. ते कठड्यावरून डोकावून म्हणाले, "तुमच्याकडे लष्कर उतरलंय का?"

एकूण तीन बिया लागल्या. पाऊण तास गेला. गंमत म्हणजे एवढं आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो.

११ ऑक्टोबर

उगवलं! दोन उगवली, तिसरं उगवलं की नाही ते मी उकरून बघितलं, त्यामुळे आता नाही उगवणार. बाबांना सांगितलं नाही. पानाखालची सूचना : घाईत ब्रश करू नका.

१८ ऑक्टोबर

आज लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

पाणी घालत होतो. समोरच्या उंच इमारतीवर एक माणूस दोरीला लटकून काचा पुसत होता आणि एका हाताने केळं खात होता. मी बघत राहिलो. केळ्याचं साल तो कुठे टाकणार हे मला कळायलाच हवं होतं. खालून बाबा ओरडत होते, "दोन मग!" मी ऐकलं, पण परत म्हटलं नाही. "दोन मग!" मग नुसतं, "आहेस का?" मग पुन्हा, "आहेस का रे?"

तो आवाज वेगळाच होता. मी धावत कठड्याशी गेलो. "आहे! आहे! दोन मग!"

त्यांनी 'हो' म्हटलं नाही. खुर्चीतून उठून आत गेले.

संध्याकाळी आईने सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी अकरा दिवस बाबांच्या हाताखाली काम केलं. अकराव्या दिवशी मी खड्ड्यात होतो, ते टपावर, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे. मी चहा प्यायला म्हणून बाहेर पडलो. टपरीवर एक ट्रकवाला भेटला, लांब चालला होता, बोलायला मोठा गमतीदार. मी चढलो. तीन दिवसांनी घरी निरोप पाठवला. मला नेहमी वाटायचं, बाबा पाचेक मिनिटं ओरडले असतील, मग शिव्या घालत उतरले असतील.

दोन तास होते ते तिथे. अंधारात. त्यांना वाटलं, मला खाली काहीतरी झालंय. मी लिफ्टखाली आहे असं वाटून त्यांनी डबा हलवला नाही.

केळ्याचं साल त्या माणसाने खिशात घातलं.

२९ ऑक्टोबर

वेल आता कठड्यापर्यंत. रोज सकाळी बघायला जातो ते पाणी घालायला म्हणून नाही, नुसतंच. तिचे तंतू असतात ना, स्प्रिंगसारखे, ते एका दिवसात दोरीला तीन वेढे घालतात. मी बोट धरून बसलो होतो, माझ्या बोटाला घालतात का बघायला. दीड तास बसलो. नाही घातला. ताई म्हणाली, "तिला कळतं, कोण टिकणारं आहे ते."

मी आता मुद्दाम चुकीचं परत म्हणतो. बाबा म्हणतात, "शेंडा खुड!" मी म्हणतो, "अंडा फोड!" खालून काठी जिन्यावर आपटल्याचा आवाज येतो. आई सांगते की ते हसतात. मला वरून फक्त टक्कल दिसतं, टकलावरून काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर

फुलं!!! सहा! पिवळीधमक, तळहाताएवढी. म्हणजे सहा भोपळे. मी ओरडत खाली गेलो आणि सॅक झटकून ठेवली.

बाबांनी विचारलं, "फुलाखाली गोटी आहे?"

"कसली गोटी?"

"मग ते नर. नर आधी येतात, घोळक्याने. नुसते मिरवतात आणि दुपारी मिटतात. मादी फूल मागून येतं, त्याच्याखाली गोटीएवढा भोपळा जन्मतःच असतो. ती उमलेल त्या सकाळी नराचं फूल तोडून तिच्यात टेकवायचं. वर मधमाश्या येत नाहीत, तुलाच करावं लागेल."

"नर काहीच कामाचे नाहीत?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं, तेही उगाच.

"एका सकाळपुरते आहेत," बाबा म्हणाले.

दाढीचा फोन आला. दाढी म्हणजे माझा मित्र, मालवाहू जहाजावर मुदपाकखान्यात असतो. त्याच्या हाताखाली एक जागा आहे. पंधरा डिसेंबरला जहाज सुटतं. मी हो म्हटलं. भोपळा तोवर होईल.

२३ नोव्हेंबर

काल मादी फूल दिसलं होतं. खाली खरोखर गोटी! हिरवी, गुळगुळीत. उद्या उमलणार असं बाबांना ओरडून सांगितलं, त्यांनी तेच परत म्हटलं. ("उद्या उमलणार!" "हो!" आता मीही 'हो' म्हणतो.)

आज सकाळी वर गेलो तर नाही. देठच तेवढा शिल्लक. नर सगळे जागेवर.

"खार असेल," बाबा खालून म्हणाले. लगेच म्हणाले. अनुभव दांडगा आहे.

२७ नोव्हेंबर

दुसरीही गेली. देठ अगदी सफाईने कापलेला, तिरका. खारीचे दात इतके धारदार असतात हे मला माहीत नव्हतं. दात या विषयावर ताईला विचारलं, ती म्हणाली, "असतात. वय झालं की तर फारच." मग हसू दाबत आंघोळीला गेली.

मी मात्र वांगीवाल्या काकांवर नजर ठेवून आहे. ओल्या मातीत ठसे सापडले. गोल, रुपयाएवढे, एका ओळीत. चार पायांचं जनावर नाही हे. एकाच पायाचं काहीतरी. आणि वेलीपाशी मलमाचा वास येत होता, ते गुडघ्यांना लावायचं असतं ना, तसला. काका साठीच्या पुढचे आहेत. एक एक धागा जुळतोय.

३० नोव्हेंबर

काकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "माझ्या दोन्ही गुडघ्यांवर मी अजून दोरीच्या उड्या मारतो." आणि मारून दाखवल्या. बावीस. माणूस निर्दोष आहे.

मग खारच.

संध्याकाळी वेलीभोवती तिखट पसरलं, लाल, चांगलं मूठभर. खारी तिखटाला भितात असं एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं. (वेगळा ट्रकवाला.)

२ डिसेंबर

तिसरी गेली. तिखट पसरलेलं, पण खारीने दाद दिली नाही.

बाबांना सर्दी झालीय. नाश्त्याला एकोणीस शिंका. डोळे लाल. आई म्हणाली, "आणखी जा." मी म्हटलं, कुठे जातात ते? ती म्हणाली, "कुठे जाणार, बसलेत ना इथे." आणि त्यांच्या गुडघ्याला मलम चोळायला घेतलं, जरा जोरातच. गुडघेही हल्ली जास्त दुखतात त्यांचे. थंडीने असेल.

तेरा दिवस उरले. दाढीने दोनदा मेसेज केला. मी खारीचा फोटो पाठवला, म्हणजे कुठल्या तरी खारीचा.

५ डिसेंबर

माझ्या फोनचा आवाज बिघडलाय, फक्त स्पीकरवर ऐकू येतो. दाढीचा फोन आला तेव्हा बाबा समोर मटार सोलत बसले होते.

दाढी म्हणाला, "पंधराला आला नाहीस तर जागा दुसऱ्याला. आणि लेका, तूच म्हणायचास ना, मरायच्या आधी एकदा तरी चारी बाजूंनी पाणी बघायचंय? नुसतं पाणी? आता भोपळ्यापायी अडून बसलास?"

मी म्हटलं, घरची अट आहे.

"मोडून ये की. याआधी कधी पाळलीस?"

मी फोन ठेवला. बाबा सोलतच होते. म्हणाले, "समुद्र बघायचाय?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. तुम्ही भिंतीवर नकाशा लावला होता ना, पोपडे झाकायला. त्यात सगळ्यात जास्त निळंच होतं."

"बोलला नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते पुन्हा मटार सोलायला लागले. नंतर आईच्या लक्षात आलं, त्यांनी टरफलं भांड्यात टाकली होती आणि दाणे कचऱ्यात.

मी अट मोडू शकतो. दाढी म्हणतो ते खरंच. जिना उतरलं की रस्ता. पण तो 'आहेस का रे' कानात बसलाय, जाता जात नाही. या वेळी जायचं तर सांगून, भोपळा हातात देऊन. नाहीतर नाही.

७ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो, मधेच कुठे जाणार नाही.

चौथी कळी आज उमलणार होती. खारीला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, चादर घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसलो. टाकीवर एक पाल होती, तिला शेपूट नव्हतं, नवं फुटत होतं... नाही, नीट लिहितो.

जिन्यावर आवाज. टक. थांबा. टक. थांबा. प्रत्येक पायरीला श्वास. चौदा मोजले. कठड्याच्या वर आधी टक्कल आलं, मग बाबा. काठी टेकत वेलीपाशी गेले. खिशातून काहीतरी काढलं, हातात धरलं. फुलाकडे बघत उभे राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, माझा पाय झोपून पुन्हा जागा झाला. मग ते जे काय होतं ते त्यांनी परत खिशात टाकलं. एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादी फुलात टेकवलं. अलगद, तीन-चारदा, बाळाच्या तोंडाला चमचा लावतात तसं.

स्वतःशीच म्हणाले, "धर."

मग तेच परत म्हणाले, "धर." आणि मग, "हो."

उतरायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मी टाकीमागेच बसून राहिलो. म्हणजे अशी गोष्ट आहे तर! डॉक्टरांनी बंदी घातलेला जिना माणूस अशा गुडघ्यांनी चढतो, कशासाठी? भोपळा लवकर धरावा आणि पोरगा एकदाचा जावा म्हणून! एवढी घाई! मला इतकं लागलं की मी नाश्त्याला दोनच पोळ्या खाल्ल्या.

नंतर बाबांनी जिन्याखालून ओरडून विचारलं, "फूल आहे का आज?"

"आहे! उमललंय!"

"टेकव मग!"

"टेकव!" मी म्हटलं आणि पुन्हा टेकवलं. मीही काय कमी नाही.

१२ डिसेंबर

धरलं. पहिल्या दिवशी गोटी, मग बोर, मग आवळा, आज जवळपास मूठ. माझी नाही, ताईची. सकाळी सगळ्यांना सांगितलं. ताईने या वेळी 'काय पाहुणे' म्हटलं नाही. आई म्हणाली, "स्वेटर घेऊन जा. पाण्यावर वारा असतो." आणि कांदा चिरायला लागली. भाजीत कांदा नव्हता.

बाबा म्हणाले, "छान झालं." मग, "जमलं तुला."

सॅक भरली. ती पूर्वी पाच मिनिटांत भरायची. आज सकाळपासून भरतोय. मधे वेलीला पाणी घातलं, मधे टाकीवरची पाल बघितली, शेपूट अर्धं आलंय.

मला जायचंय. हे खोटं नाही. पण कोणी घालवलं म्हणून नाही. दोन्हीत फरक आहे. आणि जहाजावर दाढी असेल, पाणी असेल, पण मी कुठे आहे ते खालून ओरडून विचारणारं कोण असणार? सगळे एकाच मजल्यावर.

हे मी काय लिहितोय. सूचना : दुखणारा दात लपवू नका.

१३ डिसेंबर

पहाटे वर गेलो. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून कटर घेतला, वायरी कापायचा. त्याच्या पात्यावर हिरवा चीक वाळून बसला होता. बाबा एवढे टापटिपीचे, पण हल्ली हत्यार पुसून ठेवत नाहीत. वय झालं.

वेलीपाशी गेलो. भोपळा थंड होता, त्याच्यावर बारीक लव होती. मी त्याला सॉरी म्हटलं. मग कापला, तिरका.

खरंच वाईट वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मी लावलेलं मोठं झालं होतं. तो खिशात घालून खाली आलो, सॅक रिकामी केली आणि तो तिच्या तळाशी ठेवला.

मग दाढीला फोन केला. तो दोन मिनिटं शिव्या देत होता. मग म्हणाला, मार्चमध्ये दुसरं जहाज आहे, छोटी फेरी, सहा आठवड्यांची, बघ. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं स्पीकरही गेला.

१४ डिसेंबर

काल घरात सांगायचा धीर झाला नाही. आज नाश्त्याला सगळे बसले असताना शक्य तितक्या सहज म्हणालो, "भोपळा गेला."

बाबांचा घास हातात राहिला. "गेला म्हणजे?"

"कापून नेला. खारीने."

"खारीने?"

"खारीने."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. असे ते कधी बघत नाहीत, त्यांची नजर नेहमी माझ्या कानाच्या शेजारून जाते. मी पोळीकडे बघितलं. मला वाटलं पकडला गेलो. पण नाही, त्यांना पटलं असावं, कारण हळूहळू त्यांचं टक्कल लाल व्हायला लागलं आणि ते खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले.

"देठ कसा होता?" त्यांनी विचारलं.

"तिरका."

"मग खारच," बाबा म्हणाले. "मोठी असणार."

"मोठीच होती. म्हणजे असेल."

"म्हणजे उद्याचं जहाज..."

"सुटेल. अट म्हणजे अट."

ताई उठून गॅलरीत गेली. तिचे खांदे हलत होते. रडत असेल, माझ्यावर जीव आहे तिचा.

बाबा पाणी प्यायले. मग फार गंभीरपणे म्हणाले, "तुला भोपळा काही जमत नाही. शिक्षा बदलू या. नारळ लाव."

"किती वेळ लागतो?"

"सहा-सात वर्षं."

"बाबा! गच्चीवर?"

"मग चिकू. पाच."

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. ट्रकवाल्यांबरोबर राहिलोय, घासाघीस मला शिकवायची नाही. मी टोमॅटोपासून सुरुवात केली. ते चिकूवरून हलेनात. मी मिरचीवर आलो, मग शेवग्यावर. आवाज इतका चढला की वांगीवाले काका कठड्यावरून म्हणाले, "वांगी घ्या, वांगी!" त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी लिंबावर तुटलं. तीन वर्षं. सातावरून तीनवर आणले मी त्यांना!

"पण मार्चमध्ये मला सहा आठवडे जायचंय," मी म्हणालो. "समुद्रावर. परत येणार."

बाबांनी मटारवाली नजर केली, म्हणजे कुठेच नाही अशी. मग म्हणाले, "जाताना पाणी कोण घालणार ते सांगून जा."

"सांगून जाईन."

"हो," बाबा म्हणाले.

आई चहा ओतत होती. बाबांसमोर कप ठेवला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "लिंबाला काटे असतात म्हणावं. दोन्ही खारींना सांगून ठेवा."

"दोन्ही कुठल्या?" मी विचारलं. "एकच आहे गं, मला पक्कं माहिती आहे."

बाबा एकदम कपात बघायला लागले. कपात काय होतं ते बघायला मीही वाकलो. नुसता चहा होता.